वाचक विचारतात : एप्रिल लागला आणि पेशी वाढेनात

प्रश्न : एड्सच्या रुग्णाच्या लिम्फोमातून (लसिका पेशींच्या कॅन्सरमधून) मिळवलेल्या बीसीबीएल-१ पेशी आम्ही वाढवतो. डिसेंबरात छान वाढल्या. एप्रिलपासून चार दिवसांतही जेमतेम दुप्पट होतात आणि मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव) गुलाबीच राहतं. औषध न घातलेल्या फ्लास्कमध्येही तेच. मीडियममध्ये घालायचं सीरम बदलून पाहिलं.
– एमएस्सीची विद्यार्थिनी, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : सीरमवर संशय नंतर घ्या, आधी इन्क्युबेटरच्या खोलीत थर्मामीटर टांगा. साधा इन्क्युबेटर आतली हवा तापवतो, थंड करत नाही. आत ३७ अंश टिकवायचे तर खोली निदान पाच अंशांनी थंड हवी. आपल्याकडे लाइन गेली की इन्व्हर्टर इन्क्युबेटर चालवतो, पण एसी बंद पडतो. खोली चाळिशीला टेकली की आतलं तापमानही तिच्यामागे चढतं. डिस्प्लेच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. पाण्याच्या बाटलीत बुडवलेला वेगळा थर्मामीटर आत ठेवा.

मीडियम गुलाबी राहण्याची कारणं दोन. वाढत्या पेशींच्या आम्लाने मीडियम पिवळं पडतं; पेशी मंदावल्या तर आम्ल कमी तयार होतं. किंवा कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांपेक्षा कमी पडतोय. पेशी नसलेलं आरपीएमआय (तुमचं मीडियम) झाकण सैल करून काही तास आत ठेवा. तेही जांभळट झालं, तर दोष सिलिंडरचा किंवा रेग्युलेटरचा. ट्रेमधलं निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीही रोज बघा. कोरड्या हवेत ते आटतं, मग मीडियममधले क्षार दाट होतात आणि पेशी आक्रसतात.

मोजणीही तपासा. मिलिलिटरला २ लाख पेशींनी सुरुवात करा आणि १० लाखांपुढे जाऊ देऊ नका. या पेशी तरंगत्या असतात, त्यामुळे फ्लास्क हलवूनच नमुना घ्या. तळातून किंवा वरून घेतला की आकडा फसतो. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) समप्रमाणात मिसळून पाच मिनिटांच्या आत मोजा, नाहीतर जिवंत पेशीही निळ्या दिसू लागतात. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेच्या) चार कोपऱ्यांत मिळून १२० जिवंत पेशी आल्या, तर सरासरी ३०. गुणिले २ (रंगाने नमुना निम्मा पातळ झाला म्हणून), गुणिले १०,००० म्हणजे मिलिलिटरला ६ लाख.

तापमान, वायू, मोजणी सगळं नीट असूनही वाढ मंदच असेल, तर मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर (डीएनए ओळखणारी) तपासणी करा. त्याने मीडियम गढूळ होत नाही आणि पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनला तो जुमानत नाही. हे सुटेपर्यंत औषधाचे निष्कर्ष वहीतच राहू द्या.

प्रश्न : या पेशींत एचआयव्ही असतो का? – एक प्रयोगशाळा सहायक, दिग्रस

उत्तर : नाही. त्यांच्यात एचएचव्ही-८ हा हर्पिस गटातला विषाणू असतो. १९९४ साली युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी तो कपोसी सार्कोमा या कॅन्सरमध्ये शोधला. एचआयव्ही रुग्णाची प्रतिकारशक्ती खच्ची करतो, गाठ वाढवण्याचं काम एचएचव्ही-८ करतो. म्हणून हातमोजे आणि सेफ्टी कॅबिनेट हवेतच. टाकाऊ द्रवासाठी हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) रोज ताजं बनवा. उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर उतरतो.