चौलच्या वेढ्याला धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न असा आहे: 1570-71 मध्ये विजापूर आणि अहमदनगरच्या सुलतानांनी मिळून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोवा आणि कोकणातल्या चौल बंदरावर चाल केली, तो युरोपातल्या ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धाचाच भाग होता का, आणि एवढी फौज असून चौल का पडलं नाही?

पहिल्या भागाचं उत्तर: नाही. पण हे धर्मयुद्ध नव्हतं म्हटलं की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. 'दोन परके एकमेकांत लढले, आपल्याला काय त्याचं' म्हणतात. मला जास्त राग या दुसऱ्या बोलण्याचा येतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

माझं माहेर रेवदंड्याचं. आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीची एक बाजू म्हणजे आगरकोटाची, तिथल्या पोर्तुगीज किल्ल्याची, तटभिंत. लग्नानंतर पुण्याला आले. एका दिवाळीच्या सुट्टीत सासरची सगळी मंडळी माझ्या माहेरी उतरली होती. साळावचा पूल ओलांडून आम्ही कोरलईचा किल्ला बघायला गेलो. माझे मोठे दीर वाचणारे, चारचौघांत छान बोलणारे. वर पोचल्यावर त्यांनी मुलांना गोळा केलं आणि सांगायला सुरुवात केली: इथे पाद्री आणि मुल्ला लढले, दोघेही बाहेरचे, आपला इतिहास 1740 ला मराठ्यांनी हे सगळं घेतलं तिथून सुरू होतो.

मी म्हटलं, "भाऊजी, निजामशाही बाहेरची कशी? तिचा मूळपुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला होता." हे फरिश्ता या त्या काळच्या फारसी इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि तो स्वतः अहमदनगरच्या चाकरीत होता. भाऊजी म्हणाले, "बाटला तेव्हा संपलं की, वहिनी." मी विचारलं, मग त्या फौजेतले मराठे शिलेदार? तेही संपले? आणि पोर्तुगीजांच्या बाजूने लढणारे इथलेच देशी शिपाई? त्यांच्याकडे याला उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "वहिनींना माहेरचा अभिमान." सगळे हसले. सासूबाईंनी जेवणाची आठवण काढली आणि विषय तिथेच मिटवला. माझ्यासाठी तो मिटलेला नाही. किल्ला बघायला आलेली मुलं अर्धी गोष्ट ऐकून खाली उतरली, हे मला अजून सहन होत नाही.

त्या मुलांना सांगायला हवं होतं ते असं. 1508 मध्ये याच बंदरात इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला सूड घेतला. इथवर ऐकलं तर धर्मयुद्धच वाटेल. पण 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने स्वतःहून पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधायची परवानगी दिली. त्याला घोडे हवे होते. अरबस्तान आणि इराणहून येणारा घोडा समुद्रावरून यायचा आणि समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेव्हापासून चौल दोन झाली: खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचं, म्हणजे आजचं रेवदंडा, आणि थोडं आत निजामशाहीचं वरचं चौल. तिथला हमामखाना आजही उभा आहे. दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचं रोजचं जाणंयेणं होतं.

याच बुऱ्हाण निजामशहाकडे गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य उपचाराला जायचा. त्याने लिहिलंय की सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि त्याने सुलतानाला लॅटिन. या माणसाचा घात मुसलमान सुलतानाने केला नाही. तो ज्यू वंशाचा होता, म्हणून मेल्यावर 1580 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या बहिणीला तर 1569 मध्ये जिवंत जाळलं होतं. आणि उलट दिशेने पाहा: सांचो पिरेस नावाचा पोर्तुगीज तोफची अहमदनगरला गेला, चढत चढत सरदार झाला आणि फिरंगी खान म्हणून ओळखला जाऊ लागला. दोन्हीकडची माणसं सीमा ओलांडत होती.

मग 1570 ला काय बिनसलं? तालिकोटच्या लढाईने 1565 मध्ये विजयनगर मोडलं. दख्खनच्या सुलतानांना दक्षिणेची काळजी उरली नाही, हात मोकळे झाले. बंदरांची जकात, घोड्यांचा बाजार, आपल्याच जहाजांना परक्याकडून परवाना घ्यायची नामुष्की, हे सगळं साचलेलं होतंच. अली आदिलशहाने गोवा आणि होनावर घ्यायचं, मुर्तजा निजामशहाने चौल, वसई आणि दमण, अशी वाटणी ठरली. तिसरा साथीदार कोण? कालिकतचा सामुरी. हिंदू राजा. तिघांपैकी ठरल्याप्रमाणे किल्ला घेऊन दाखवला तो एकट्या सामुरीने: त्याने 1571 मध्ये पोर्तुगीजांचा चालियमचा किल्ला जिंकला. याला जिहाद म्हणायचं असेल तर सामुरीला कुठे बसवणार, ते आधी सांगा.

युरोपातल्या ख्रिस्ती आरमाराने उस्मानी तुर्कांना हरवलं ती लेपांतोची समुद्री लढाई 7 ऑक्टोबर 1571 ची. सन एकच, म्हणून लोक दोन्ही घटना एका माळेत ओवतात. निजामशहाने पोर्तुगीजांशी तह त्याआधीच, जुलैमध्ये केलेला होता. शिवाय निजामशाही शिया आणि लेपांतोचे उस्मानी तुर्क सुन्नी. या वेढ्याचा हिशेब तुर्कांच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, मांडला जात नव्हता.

आता चौल का पडलं नाही. पोर्तुगीज बखरकारांचे लाखाच्या घरातले फौजेचे आकडे मी धरत नाही, जिंकणारा शत्रूची फौज फुगवूनच सांगतो. पण वेढा खरोखर भयंकर होता. आज दिसते ती गावाभोवतीची तटबंदी बहुतांशी वेढ्यानंतरची आहे. तेव्हा बंदरावरचा किल्ला सोडला तर वस्ती उघडीच होती. घरं आणि मठ यांनाच मोर्चे करून लढले, एकेका घरासाठी माणसं मेली. तरी गाव टिकलं, कारण समुद्राची बाजू निजामशहाला कधी बंद करता आली नाही. गोव्याला स्वतःला वेढा पडलेला असताना व्हाइसरॉय लुईस द अताईदने चौल सोडून द्यायचा सल्ला धुडकावला आणि फ्रान्सिस्को मास्कारेन्यासबरोबर जहाजांतून कुमक पाठवली. फरिश्ता आणखी एक कारण देतो: निजामशाही सरदारांना पोर्तुगीजांनी दारू पाठवून फितवलं आणि रसद आत जाऊ दिली गेली. त्याला आपल्या मालकाच्या अपयशाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं होतं हे लक्षात घेऊनही मला यात तथ्य वाटतं. इतकी वर्षं शेजारी राहिल्यावर कुणाला काय पाठवायचं ते नेमकं ठाऊक असतं.

यावरून धर्माचा काही संबंधच नव्हता असं मात्र मी म्हणत नाही. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची सरसकट कत्तल झाली, तिला व्यापारी कारण पुरत नाही. हजच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा परवाना लागायचा आणि त्यावर मेरी आणि येशूची चित्रं असायची. अकबराच्या काळात मखदूम-उल-मुल्क या बड्या मौलवीने हज सक्तीची नाही असा फतवा दिला, त्यामागे हे एक कारण होतं. आदिलशाहीला अर्पण केलेल्या मलबारी ग्रंथात शेख झैनुद्दीनने पोर्तुगीजांविरुद्ध जिहादची हाकही दिलेली आहे. ज्यांना या सगळ्याचा जाच झाला, त्यांच्यासाठी तो धर्माचाच प्रश्न होता. पण फौजा कधी हलायच्या आणि कधी थांबायच्या, हे त्या हाकेवर ठरत नव्हतं.

1594 बघा. बुऱ्हाण दुसरा याने खाडीच्या तोंडावर मारा करायला कोरलईच्या टेकडीवर किल्ला उभारला. पोर्तुगीजांनी तो जिंकला. किल्ल्याचा हबशी सरदार फरहाद खान पकडला गेला आणि ख्रिस्ती झाला. त्याच्या बायकोला खंडणी देऊन सोडवलं गेलं. एकाच घरात अशी वाटणी झाली.

तुम्ही कुठे लिहिण्यासाठी हे विचारत असाल तर लेपांतोपासून सुरुवात करू नका, 1521 च्या परवानगीपासून करा. जमलं तर वरचं चौल, रेवदंडा आणि कोरलई एका दिवसात पायी फिरा, वाटाड्या घेऊ नका. आणि दोन्ही बाहेरचे होते असं कुणी सांगायला लागलं तर त्याला कोरलई किल्ल्याखालच्या गावात न्या. तिथली ख्रिस्ती माणसं घरात आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली स्वतःची बोली बोलतात. मराठ्यांनी 1740 मध्ये किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, ही माणसं इथेच राहिली, मराठ्यांची रयत झाली. 'बाहेरचे' हा शब्द त्यांच्या दारात उभं राहून उच्चारून दाखवा म्हणावं. भाऊजींनाही मी हेच सांगितलं असतं, पण तोवर पानं वाढून झाली होती.