घरच्यांना न कळू देता आजारपणावर मराठीत ब्लॉग लिहायचाय. ब्लॉगर घेऊ की वर्डप्रेस?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या विस्मरणाबद्दल नाव न सांगता लिहायचंय, त्याच अनुभवातून जाणाऱ्यांशी बोलणंही व्हायला हवं, पण नातेवाइकांना पत्ता लागायला नको. मी आईच्या दुखण्यावर काही वर्षं असंच लिहिलं. तुमच्यासाठी मी ब्लॉगर, म्हणजे गूगलची ब्लॉग लिहिण्याची सोय, म्हणेन, आणि त्याचं कारण प्रतिक्रियांची सोय.

ब्लॉगरवर प्रतिक्रिया कोण देऊ शकतं हे आपण ठरवतो: कोणीही (निनावीसुद्धा), फक्त गूगल खातं असलेले, किंवा फक्त ब्लॉगचे सदस्य. घाणेरडं काही येईल या भीतीने मी सुरुवातीला दुसरा पर्याय ठेवला होता. लोक वाचत होते, पण बोलत कुणीच नव्हतं. मग निनावी प्रतिक्रिया खुल्या केल्या आणि मी मंजूर केल्याशिवाय काही दिसणार नाही अशी अट घातली. एका रात्री दोनच्या सुमाराला ओळ आली: "आज आईवर हात उगारला. कुणाला सांगू?" मी ती तशीच मंजूर केली. सकाळपर्यंत खाली चौघींची उत्तरं होती, चारही निनावी. स्वतःच्या नावाने आणि फोटोसकट त्या बाईने हे कधीच लिहिलं नसतं.

वर्डप्रेसवर प्रतिक्रिया देणाऱ्याला मुळात नाव आणि ईमेल विचारतात. ती अट काढता येते, पण आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीची ओळख सांगणारा आकडा) ब्लॉगवाल्याला तरीही दिसतो. आपल्याकडे मन मोकळं करायला आलेल्या माणसाची एवढी माहिती माझ्याजवळ असावी, हे मला नको वाटतं. शिवाय तिथे लेखकाच्या पानाच्या लिंकमध्ये बहुधा युजरनेमच (लॉग-इनचं नाव) येतं. खातं उघडताना नाव-आडनाव टाकलंत, तर वर टोपणनाव दिसूनही लिंक खरं नाव सांगते.

ब्लॉगरवर ब्लॉग खाजगी करून निवडक वाचकांना बोलावता येतं, पण मर्यादा 100 जणांची आहे. आणि मग रात्री गूगलवर शोधत येणारी ती बाई तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

नव्या लेखाची ईमेल वाचकांना आपोआप जाण्याची सोय मात्र, कुठेही लिहिलंत तरी, सुरुवातीला बंदच ठेवा. दुसऱ्या एका ठिकाणी मी भावाशी झालेल्या भांडणावर तिरीमिरीत लिहिलं आणि दहा मिनिटांत काढूनही टाकलं. पण पूर्ण लेख मेलने सगळ्यांकडे पोचला होता, आणि त्या यादीत माझी वहिनी होती. ते मी आजही निस्तरतेय.

खात्यासाठी नवं जीमेल उघडा, रोजचं वापरू नका. फोनवरच्या फोटोत जागेची नोंद असू शकते, म्हणून फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच टाका. आणि फोटोत मागे काय आहे तेही बघा. माझ्या एका फोटोत भिंतीवर आमच्या पतसंस्थेचं कॅलेंडर होतं, खाली गावाच्या नावासकट. एका वाचकाने ते लगेच ओळखलं. भला माणूस, म्हणून मलाच कळवलं.

पहिला लेख टाकलात की लॉग-इन नसलेल्या दुसऱ्या फोनवर ब्लॉग उघडा आणि तुमच्या नणंदेच्या नजरेने सावकाश वाचा. सासूबाईंची एखादी लकब, त्यांचं एखादं ठरलेलं वाक्य तिला लगेच ओळखू येईल. तेवढं बदला, मग लिंक बाहेर द्या.