वारीला चाललेय, रिटेनरचं काय करू?

प्रश्न : डॉक्टर, मी २३ वर्षांची आहे. दातांच्या तारा काढून तीनच महिने झालेत. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून ट्रान्सपरंट रिटेनर (दातांवर बसणारं, काढता-घालता येणारं प्लॅस्टिकचं पातळ कव्हर) दिलाय आणि खाणंपिणं सोडून दिवसरात्र घालायला सांगितलंय. यंदा आजीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालत जायचं ठरलंय. जवळपास तीन आठवडे राहुटीत मुक्काम, टँकरचं पाणी, बेसिन नाही, आरसा नाही. घरचे म्हणतात वाटेत हरवण्यापेक्षा घरीच ठेवून जा. ठेवू का? आणि नेला तर स्वच्छ कसा ठेवायचा?

उत्तर : घरी अजिबात ठेवू नकोस गं. तारा निघाल्या म्हणजे दात जागेवर पक्के झाले असं नसतं, दाताभोवतीचं हाड भरून यायला काही महिने लागतात आणि हिरडीतले तंतू तर रबर ताणल्यासारखे दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात, ते सैल पडायला वर्षभर सुद्धा लागू शकतं. तुझे आत्ता तीनच महिने झालेत. या काळात तीन आठवडे रिटेनर नाही घातला तर परत आल्यावर तो बसेलच याची खात्री मी तरी देणार नाही.

आणि घरच्यांची हरवायची भीती खरी आहे, पण रिटेनर चालताना हरवत नाही, हरवतो तो जेवताना. माझ्या एका पेशंटचं सांगते, लोणंदच्या मुक्कामी पंगतीला बसली, रिटेनर काढला आणि पत्रावळीच्या कडेला ठेवला, वाढपी आले, आमटी-भात झाला, कोणीतरी हाक मारली म्हणून पत्रावळ दुमडून टाकून उठली आणि हात धुताना जीभ दातांवरून फिरली तेव्हा लक्षात आलं. तोवर पत्रावळींचा हा एवढा ढीग! मोबाईलच्या उजेडात शोधत बसली पोर, नाही सापडला. पंढरपूरहून परत येऊन मला दाखवायला आली तर वरचा एक पुढचा दात किंचित वळलेला, चार वर्षांची मेहनत होती तिची, मला फार वाईट वाटलं.

म्हणून रिटेनर एकतर तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागाच नाही. रुमालात नाही, टिश्यूत नाही, खिशात नाही, 'आजी जरा धर' म्हणून आजीच्या हातात पण नाही. डबी भडक रंगाची घे, तिच्यावर नाव आणि मोबाईल नंबर लिही आणि ती कमरेच्या पाऊचमध्ये ठेव, ट्रकमध्ये जाणाऱ्या मोठ्या बॅगेत नको. निघायच्या आधी तुझ्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे (तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे) जाऊन दुसरा जोड करून घेता आला तर उत्तमच, तो मात्र मोठ्या बॅगेत टाक म्हणजे दोन्ही एकदम जाणार नाहीत.

आता स्वच्छता. रिटेनरला पिण्याचंच पाणी वापर, टँकरचं आंघोळीला ठीक आहे. सकाळी आणि झोपताना आधी हात साबणाने धू, मग वेगळा ठेवलेला मऊ ब्रश आणि लिक्विड सोपचा एक थेंब घेऊन आतून-बाहेरून हलक्या हाताने घास आणि साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून धू. टूथपेस्ट नको, तिने प्लॅस्टिकवर बारीक चरे पडतात आणि मग त्यातच घाण धरते. धुताना खाली पाणी भरलेला मग ठेव, हातातून निसटला तर चिखलात न पडता पाण्यात पडेल. दुपारच्या विसाव्याला एवढं सगळं जमणार नाही तेव्हा बाटलीतल्या पाण्याने चूळ भर, रिटेनर विसळ आणि घाल, तेवढं पुरे. क्लीनिंगच्या गोळ्या मिळतात त्या आठवड्यातून एक-दोनदा वापरल्या तरी चालतील, पण पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त भिजवू नकोस.

वारीत चहाला नाही म्हणता येत नाही, मला माहितीये :) पण रिटेनर घालून चहा नको, गरम चहाने प्लॅस्टिक वाकडं होतं आणि डाग पडतो तो वेगळाच. आमटीतली हळद तर बसली की निघतच नाही. केळं, राजगिऱ्याचा लाडू, सरबत काहीही असो, काढूनच खा-पी. घालून प्यायचं ते फक्त साधं पाणी. आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी तोंडात टाकलंस तर रिटेनर दिवसभर डबीतच राहील, त्यामुळे खाणं जरा एकावेळी उरकत जा.

डबीला भोकं असलेली बरी, बंद डबीत ओला रिटेनर कुबट होतो. धुवून डबीत ठेवायचा असेल तर आधी स्वच्छ कापडाने टिप. पाऊस लागला की डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत टाक, थांबला की बाहेर काढ. वाळवायला उन्हात किंवा ट्रकच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस. आणि एवढं करूनही हरवलाच तर घरी येईपर्यंत थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, त्यांच्याकडे तुझ्या दातांचं मॉडेल किंवा स्कॅन असेल तर तू वाटेत असतानाच नवा करायला घेता येतो.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे. शाळेच्या सहलीहून आला तर त्याच्या ट्रान्सपरंट रिटेनरला घाण वास येत होता, म्हणून मी बाटल्या उकळतो तसा उकळून घेतला. आता बसतच नाही. दाबून बसवला तर चालेल का?

उत्तर : नको ताई, दाबू नका. उकळल्यावर या प्लॅस्टिकचा आकार बदलतो, मग तो दाताला भलतीकडेच ढकलायला लागतो. आता नवाच करावा लागेल आणि दोन-चार दिवसांत जा, सुट्टी लागेपर्यंत थांबू नका. पुढच्या वेळी वास किंवा पांढरा थर आला तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच साधं गार पाणी घेऊन त्यात १५-२० मिनिटं भिजवा, मग ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. आणि जाताना डबी पण बरोबर न्या, डॉक्टरांना उघडून दाखवा, बरेचदा वास डबीचाच असतो आणि ती कोणी धुतलेलीच नसते.