वाचकांचे प्रश्न : सर्व्हरच्या पोटातला दुसरा संगणक

सर्व्हरचे दुरून व्यवस्थापन करणाऱ्या नियंत्रकाविषयी या वेळी इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून सर्व जागा त्यालाच दिली आहे. या नियंत्रकाचे पूर्ण नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. त्याचे संक्षिप्त रूप बीएमसी असे होते आणि त्या तीन अक्षरांनी मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबई महानगरपालिकेची इमारत उभी राहते. म्हणून येथे त्याला नुसते ‘नियंत्रक’ म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याचा सर्व्हर कारखान्यावर आहे आणि मी तेथून १८ किलोमीटरवर राहतो. गळीत हंगामात वजनकाट्यावरच्या नोंदी रात्रंदिवस चालू असतात. सर्व्हर हँग झाला की रिमोट डेस्कटॉप लागत नाही आणि रात्री २ वाजता मोटारसायकल काढावी लागते. पुरवठादार म्हणतो, ‘तुमच्या सर्व्हरमध्ये आयपीएमआय आहे, घरूनच रीस्टार्ट करा.’ हे रिमोट डेस्कटॉपपेक्षा वेगळे काय आहे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : रिमोट डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत चालतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम गोठली की तोही गोठतो. नियंत्रक हा मात्र मदरबोर्डवर बसवलेला स्वतंत्र छोटा संगणक असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम (बहुतेक वेळा लिनक्स) आणि स्वतःचा आयपी पत्ता असतो. पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर तो चालतो, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर नियंत्रक जागाच राहतो. पंख्यांची गती, तापमान आणि विजेचे दाब यांच्या सेन्सरवर त्याचे लक्ष असते, घडलेल्या बिघाडांची नोंदवही तो ठेवतो आणि पॉवरचे बटण तो आपल्या वतीने दाबू शकतो.

त्याचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे रिमोट कन्सोल. बहुतेक सर्व्हरांत पडद्यावरचे चित्र तयार करणारी चिप आणि नियंत्रकाची चिप एकच असते. त्यामुळे पडद्यावर जे उमटते ते नियंत्रकाला आपोआप दिसते आणि तो ते आपल्या ब्राउझरमध्ये पाठवतो. आपल्या कळफलकाचे ठोके तो सर्व्हरपुढे यूएसबी कीबोर्ड असल्यासारखे मांडतो. म्हणूनच बायोसचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) पडदाही घरबसल्या उघडता येतो, जे रिमोट डेस्कटॉपला कधीच शक्य नाही.

आपला पुरवठादार म्हणतो ती आयपीएमआय ही या नियंत्रकाशी बोलण्याची जुनी ठरलेली भाषा. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी या कंपन्यांनी तिची पहिली आवृत्ती १९९८ साली काढली आणि २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर तिच्यात मोठा बदल झाला नाही. एचपीईच्या सर्व्हरवर नियंत्रकाचे नाव आयएलओ असते, डेलवर आयड्रॅक, लेनोवोवर एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, गाभा तोच. फरक पडतो तो परवान्याचा. एचपीईच्या मूळ परवान्यात चित्ररूप कन्सोल ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंतच दिसतो आणि पुढचे पाहायचे तर ॲडव्हान्स्ड परवाना वेगळा घ्यावा लागतो. डेलच्या रॅक सर्व्हरवर व्हर्च्युअल कन्सोलसाठी एंटरप्राइज परवाना लागतो. खरेदीच्या वेळी ही किंमत कोटेशनमध्ये मागून घ्यावी, कारण नेमक्या अडचणीच्या रात्री ‘परवाना नाही’ ही पाटी वाचण्याइतके चिडवणारे दुसरे काही नाही.

आता रीस्टार्टविषयी. रात्री २ वाजता हात थेट ‘रीसेट’कडे जातो, पण आधी कन्सोल उघडून पडद्यावर काय आहे ते पाहावे आणि त्याचे चित्र जपून ठेवावे, रीस्टार्टनंतर तो पुरावा नाहीसा होतो. मग नियंत्रकाची नोंदवही वाचावी. तेथे मेमरीची चूक किंवा एका पॉवर सप्लायचा बिघाड नोंदलेला असेल, तर दर आठवड्याला रीस्टार्ट करणे म्हणजे ताप मोजून गोळी न देण्यासारखे आहे. बंद करण्याचे पर्यायही सारखे नसतात. ‘ग्रेसफुल शटडाउन’ ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करतो, म्हणून ती जिवंत असेल तरच चालतो. ‘पॉवर ऑफ’ आणि ‘पॉवर सायकल’ वीजच तोडतात, तेव्हा डेटाबेसमध्ये अर्धवट लिहिली गेलेली नोंद तशीच राहू शकते. सर्व्हर वरचेवर गोठत असेल तर ‘एनएमआय’ नावाचा पर्याय वापरून पाहावा. ऑपरेटिंग सिस्टिमला तशी आज्ञा आधी दिलेली असेल, तर ती त्या इशाऱ्यावर स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवते आणि मूळ कारण शोधता येते.

प्रश्न : नियंत्रकासाठी वेगळे नेटवर्क पोर्ट आहे, पण मी त्याला केबल कधी लावलीच नाही. तरीही महाविद्यालयाच्या नेटवर्कवर त्याचे लॉगिनचे पान दिसते. हे कसे? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : आपला नियंत्रक ‘फेलओव्हर’ पद्धतीवर ठेवलेला दिसतो. काही कंपन्यांच्या मदरबोर्डवर ही पद्धत कारखान्यातूनच लावलेली येते. वेगळ्या पोर्टला केबल नसेल तर नियंत्रक सर्व्हरच्या नेहमीच्या पहिल्या नेटवर्क पोर्टचा आधार घेतो आणि त्याच तारेवर स्वतःचा दुसरा मॅक पत्ता (नेटवर्कवरची यंत्राची ओळख) घेऊन बसतो. ऑपरेटिंग सिस्टिमला याचा पत्ताही लागत नाही आणि तिची फायरवॉलही येथे उपयोगी पडत नाही, कारण नियंत्रकासाठी आलेला मजकूर नेटवर्क कार्ड परस्पर त्याच्याकडे वळवते.

बायोसमध्ये किंवा नियंत्रकाच्या वेबपानावर ही निवड ‘डेडिकेटेड’ करावी आणि वेगळी केबल टाकावी. आपल्या नियंत्रकाचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर तो आजच बदलावा. सुपरमायक्रोच्या जुन्या बोर्डांवर नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’, आणि जुन्या डेलवर ‘रूट’ व ‘कॅल्व्हिन’, हे संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. आपल्याकडे तर तसे विद्यार्थी त्याच नेटवर्कवर बसलेले आहेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरचा नियंत्रक मी घरूनही पाहू शकतो, कारण राउटरवर त्याच्यासाठी पोर्ट फॉरवर्ड केले आहे, म्हणजे इंटरनेटवरून थेट त्याच्याकडे येणारी वाट उघडली आहे. पासवर्ड २० अक्षरांचा आणि अवघड आहे. एवढी काळजी पुरेशी आहे ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुरेशी नाही, आणि हे उत्तर छापून येण्याआधीच आपल्याला पत्राने कळवले आहे. राउटरवरचे ते दार बंद करावे.

पहिले कारण आयपीएमआयच्या रचनेतच आहे. दुसऱ्या आवृत्तीत ओळख पटवण्याची जी देवाणघेवाण ठरवली आहे, तिच्यात आपण खरे कोण हे सिद्ध होण्याआधीच नियंत्रक पासवर्डपासून काढलेला एक ठसा समोरच्याला पाठवतो. समोरच्याला केवळ एखादे खरे वापरकर्ता नाव माहीत असावे लागते. तो ठसा घेऊन चोर आपल्या घरी निवांत बसतो आणि एकेका शब्दाचा ठसा काढून जुळवत राहतो; आपल्या नोंदवहीत चुकीच्या पासवर्डाची एकही खूण उमटत नाही. ही त्रुटी २०१३ साली सार्वजनिक झाली. ती एखाद्या कंपनीच्या हातून झालेली चूक नसून ठरलेल्या नियमातच असल्यामुळे फर्मवेअर (नियंत्रकाच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) बदलून ती जात नाही. याच भाषेत पासवर्ड २० बाइटपेक्षा मोठा असू शकत नाही, आणि ठसा काढता यावा म्हणून नियंत्रकाला तो पुन्हा वाचता येईल अशा रूपात साठवून ठेवावा लागतो. त्याच सुमारास ‘सायफर झीरो’ हाही प्रकार उजेडात आला: तो चालू असलेल्या नियंत्रकांवर नाव बरोबर असले की कोणताही पासवर्ड चालत असे. आपला अवघड पासवर्ड पहिल्या हल्ल्याला बराच काळ रोखेल हे खरे, पण दुसऱ्यापुढे त्याचा काहीही उपयोग नाही.

वेबपानाची बाजूही भक्कम आहे असे समजू नये. आयएलओच्या चौथ्या पिढीत ब्राउझरकडून जाणाऱ्या विनंतीच्या एका शीर्षकात ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहिले की लॉगिन न करताच आत जाता येत होते. २०१७ मध्ये २.५३ क्रमांकाच्या फर्मवेअरने ते बंद झाले. मार्च २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या सॉफ्टवेअरमधली ओळख चुकवण्याची त्रुटी जाहीर झाली. अनेक सर्व्हर कंपन्या हेच सॉफ्टवेअर आपल्या नावाने देतात. तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे सांगून, ती आपल्या यादीत घातली.

एकदा आत शिरलेल्या माणसाला काय करता येते? २०१८ मध्ये जंगलसेक नावाच्या खंडणीखोर टोळीने उघड्या ठेवलेल्या आयपीएमआयमधून शिरून सर्व्हर देखभालीसाठीच्या ‘सिंगल यूझर’ पद्धतीने रीस्टार्ट केले, रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) ताबा घेतला आणि फाइली कुलूपबंद केल्या. सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसलेला माणूस जे करू शकतो ते सर्व नियंत्रकातून करता येते, त्यात हे आलेच. डिसेंबर २०२१ मध्ये इराणमधील एका सुरक्षा कंपनीने आयएलओच्या फर्मवेअरमध्येच दडलेला घुसखोर दाखवला. फर्मवेअर नवे केले की तो ‘झाले’ असे सांगत असे, नव्या आवृत्तीचा आकडाही दाखवत असे, आणि प्रत्यक्षात काहीच बदलू देत नसे. सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा नव्याने बसवली तरी तो जागचा हलत नव्हता, कारण तो राहत होता दुसऱ्या संगणकात.

पतसंस्थेत सभासदांच्या ठेवींच्या नोंदी असतात, म्हणून पुढील व्यवस्था करावी. नियंत्रकांसाठी स्विचवर वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळे पाडलेले जाळे) ठेवावा, त्यातून इंटरनेटकडे जाण्याचा मार्गच नसावा आणि कार्यालयातल्या बाकीच्या संगणकांनाही तेथे प्रवेश नसावा. घरून यायचे असेल तर आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी वाट), तेथून देखभालीसाठी राखलेला एकच संगणक, आणि त्यावरून नियंत्रक, असा रस्ता असावा. आयपीएमआयचे यूडीपी पोर्ट ६२३ वापरात नसेल तर नियंत्रकावरच बंद करून टाकावे. नव्या सर्व्हरांवर तेच काम रेडफिश या भाषेने होते, जी डीएमटीएफ या मानक संस्थेने २०१५ साली आणली. ती एचटीटीपीएसवरून चालते. ती आली म्हणून फर्मवेअर नवे करण्याचे काम टळत नाही, वर सांगितलेली मेगारॅकची त्रुटी रेडफिशच्याच दारातली होती. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: सर्व्हरवर ज्याच्याकडे रूट किंवा ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत, तो नियंत्रकाचा पासवर्ड माहीत नसतानाही आतल्या बाजूने त्यावर नवा वापरकर्ता तयार करू शकतो. तेव्हा अधूनमधून नियंत्रकाची वापरकर्ता यादी पाहावी, आणि जुना सर्व्हर विकताना डिस्कबरोबर नियंत्रकही पुसून द्यावा.

प्रश्न : आमच्या जुन्या सर्व्हरचा कन्सोल जावा मागतो आणि नव्या लॅपटॉपवर तो उघडतच नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : उघडणार नाही. त्यासाठी लागणारे जावा वेब स्टार्ट (वेबपानावरून जावाचे प्रोग्रॅम सुरू करणारे साधन) २०१८ मध्ये जावाच्या अकराव्या आवृत्तीतून काढून टाकले गेले. निर्मात्याचे शेवटचे फर्मवेअर घालून पाहावे, कारण काही मॉडेलांना त्यात एचटीएमएल ५ चा कन्सोल मिळाला आहे. नसेल तर जुन्या जावासह एक आभासी यंत्र (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) केवळ एवढ्याच कामासाठी ठेवावे आणि त्याला इंटरनेट देऊ नये. निव्वळ लिनक्स असेल तर ‘सिरियल ओव्हर लॅन’ वापरून अक्षरी कन्सोल मिळतो. त्याला ना जावा लागते ना ब्राउझर, आणि मंद लाइनवरही तो चांगला चालतो. मला स्वतःला तोच अधिक आवडतो.

प्रश्न : मी व्हीपीएनमधूनच नियंत्रकापर्यंत जातो. परवा सर्व्हर बंद पडला तेव्हा व्हीपीएनही लागेना, म्हणून शेवटी फोंड्याहून पणजीला जावे लागले. तेथे गेल्यावर दिसले की नियंत्रकसुद्धा उत्तर देत नव्हता. चूक कुठे झाली? (एक वाचक, गोवा)

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे की व्हीपीएन हे त्याच सर्व्हरवरचे एक आभासी यंत्र आहे. चूक तेथेच आहे. कुलपाची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखे झाले. यात आपण एकटे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे ६ तास बंद पडले, तेव्हा देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचे आधारजाळे तुटले होते, आणि अडचणीसाठी राखलेले वेगळे जाळेही चालत नसल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, असे कंपनीने नंतर सांगितले.

नियंत्रकाकडे जाणाऱ्या वाटेवरची कोणतीही वस्तू त्या सर्व्हरवर अवलंबून नसावी. एक साधा राउटर घ्यावा ज्यात व्हीपीएनची सोय आणि मोबाइल सिमची जागा आहे. तो आणि नियंत्रकांचा स्विच यूपीएसवर ठेवावा, आणि सिम मुख्य ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचे घ्यावे. नियंत्रकाचा आयपी पत्ता स्थिर ठेवावा, कारण आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपीचा सर्व्हरही अनेकदा त्याच यंत्रावर असतो, आणि तो पत्ता कागदावर लिहून ठेवावा. नावाने शोधायला गेलात तर नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा बंद असेल.

नियंत्रक स्वतः गप्प होणे ही वेगळी गोष्ट आहे. तोही संगणकच असल्याने महिनोन्महिने चालून अडकतो. ऑपरेटिंग सिस्टिम चालू असेल तर आयपीएमआयटूल या आज्ञासंचाने आतूनच त्याला ‘कोल्ड रीसेट’ द्यावा; नियंत्रक नव्याने उठायला एकदोन मिनिटे लागतात आणि बहुतेक सर्व्हरांवर चालू असलेल्या कामाला धक्का लागत नाही. त्यानेही काम झाले नाही तर सर्व्हर नीट बंद करून सर्व पॉवर केबल काढाव्या. आपल्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही केबल, कारण एकीतूनही स्टँडबाय वीज मिळत राहते आणि नियंत्रक तसाच अडकून राहतो. मिनिटभर थांबून केबल पुन्हा लावाव्या आणि लगेच बटण दाबू नये; नियंत्रकाचा दिवा स्थिर लुकलुकू लागेपर्यंत वाट पाहावी. महिन्यातून एकदा कार्यालयातली सुट्टी पाहून मोबाइलच्या इंटरनेटवरून संपूर्ण वाट चालून पाहावी: व्हीपीएन, नियंत्रकाचे पान, कन्सोलवर प्रत्यक्ष एक कळ दाबणे. पुढची चाचणी घ्याल तेव्हा मुख्य ब्रॉडबँडची केबल मुद्दाम काढून पाहा.