भावनिक बुद्धिमत्तेला आपला शब्द कोणता?

लातूरकडच्या एका मॅडमनी विचारलंय की मुख्याध्यापकांच्या ट्रेनिंगमध्ये 'भावनिक बुद्धिमत्ता आणि नेतृत्व' यावर बोलायचंय, पण हा शब्द काढला की समोरचे गप्पच होतात, तर साधा मराठी शब्द कोणता वापरू.

मॅडम, अडचण 'भावनिक' या शब्दातच आहे. आपण तो कधी म्हणतो बघा, 'निरोपाच्या दिवशी सर लई भावनिक झाले', 'भावनिक होऊन निर्णय घेऊ नका', म्हणजे डोळ्यात पाणी आलेला नाहीतर तोल गेलेला माणूस. आणि ज्या इंग्रजी शब्दाचं हे भाषांतर, तो 'इमोशनल इंटेलिजन्स' म्हणजे नेमकं उलटं, आपल्याला राग आलाय हे आपल्यालाच कळणं, तो आवरणं, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं. सालोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना एका शोधनिबंधात मांडली, १९९५ च्या डॅनियल गोलमन या लेखकाच्या पुस्तकानं ती सगळीकडं गेली. 'बुद्धिमत्ता' म्हटलं की शिक्षकांना स्कॉलरशिपचा पेपरच आठवणार, म्हणजे उपजत हुशारी, आणि गोलमन तर म्हणतो की हे शिकून वाढवता येतं.

काही जण 'समजूतदारपणा' सुचवतात, मला तो पटत नाही. समजूतदार सून कुणाला म्हणतात? जी उलट बोलत नाही तिला. त्यात सोसणं फार आहे.

माझं मत 'जाण'. स्वतःच्या मनाची जाण, दुसऱ्याच्या मनाची जाण, दोन्हीकडं बसतो. जाण येते, लेकरू जाणतं होतं, म्हणजे वाढत जाण्याची गोष्ट शब्दातच आहे. शिवाय पुढारपणाशी त्याचं नातं जुनं, शिवाजी महाराजांना 'जाणता राजा' म्हणणारे समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे, आणि दासबोधाच्या अकराव्या दशकात 'जाणावे पराचे अंतर' असं ते सांगतात ते कुठं, तर राजकारणाच्या समासात! भक्तीच्या नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

फक्त एक भाग 'जाण' मध्ये येत नाही, तो म्हणजे 'आवर'. कळतंय पण वळत नाही, हे आपण उगाच म्हणत नाही. स्टाफ मीटिंगमध्ये आपला आवाज चढलाय हे कळूनही तसंच बोलत राहणारे साहेब सगळ्यांनी पाहिलेत, त्यांना जाण असते, आवर नसतो. म्हणून भाषणात 'जाण आणि आवर' अशी जोडी वापरा.

आमची मावशी गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे, जेमतेम चौथी शिकलेली. एका बाईचे दोन हप्ते थकले तर बाकीच्या म्हणाल्या मीटिंगमध्येच विचारा, मावशी म्हणली चार बायांत कशाला, आणि संध्याकाळी तिच्या घरी जाऊन चहा पिऊन बसली तेव्हा कळलं की नवरा दवाखान्यात आहे. पुढं हप्ते हळूहळू फिटले. गावात मावशीबद्दल एवढंच म्हणतेत, 'तिला मान्सं कळतेत.' मॅडम, पहिल्या पाच मिनिटांत हेच वाक्य सांगा, व्याख्या नंतर.

लेखी अहवालात मात्र 'भावनिक बुद्धिमत्ता' हाच शब्द ठेवा, तो आता रूढ झालाय, शोधणाऱ्याला त्याच नावानं सापडतं.