शंकू घ्यावा की सपाट तळ? कॉफीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी आम्ही दोघेच, सकाळी बिनदुधाची कॉफी घेतो. व्ही-६० घ्यावा की सपाट तळाचा ड्रिपर, हे ठरत नाही. किटली साधीच आहे, बारीक चोचीची नाही. — लातूर

ड्रिपर म्हणजे कपावर ठेवून कागदातून कॉफी गाळायचं भांडं. तुमच्याकडे साधी किटली असेल तर सपाट तळाचा घ्या. त्याचं कारण दोन्हींच्या बांधणीत आहे.

हारिओ या जपानी कंपनीचा व्ही-६० म्हणजे साठ अंशांच्या कोनाचा शंकू. तळाला एकच मोठं भोक आणि आतून वर चढत जाणाऱ्या उठावाच्या वळणदार कडा. या कडांमुळे कागद भिंतीला चिकटत नाही आणि हवा बाहेर पडते. भोक मोठं असल्याने पाणी किती वेगाने उतरेल हे ड्रिपर ठरवत नाही, तुमचं दळण आणि तुमचा हात ठरवतो. हात बसला की याच्यासारखी स्वच्छ, मोकळी चव दुसरीकडे मिळणं कठीण. पण धार जाड पडली की पुडीत खड्डा होतो, पाणी तिथूनच निसटतं आणि बाजूची पूड अर्धी कोरडीच राहते. कप पाणचट आणि आंबट लागतो.

कालिटा वेव्ह या दुसऱ्या ड्रिपरचा तळ सपाट असतो, त्याला तीन बारीक भोकं असतात आणि कागद चुण्यांचा. पुडीचा थर उथळ व सारखा बसतो, पाणीही भोकांमुळे थोडं अडतं. त्यामुळे ओतण्यात थोडं उन्नीसबीस झालं तरी कप बिघडत नाही. अडचण कागदाची. तो महाग पडतो आणि मराठवाड्यात दुकानात सहसा मिळत नाही, ऑनलाइनच मागवावा लागतो. शिवाय पूड घालण्याआधी कागद धुताना वरून जोरात पाणी सोडलं तर चुण्या दबतात, म्हणून मधोमध हलकेच ओतायचं. दोन कपांसाठी १८५ मापाचा घ्या. १५५ दोघांना लहान पडतो.

तिसरा पर्यायही पाहून ठेवा. तळाला झडप असलेला ड्रिपर, क्लेव्हर नावाने मिळतो तो. यात धारेचा प्रश्नच उरत नाही. कागद धुऊन बसवा, आधी २५० मिली गरम पाणी, मग वरून १६ ग्रॅम पूड, चमच्याने हलकं हलवून झाकण. आधी पाणी घातलं की भुकटी तळाशी दाबून बसत नाही आणि गळती अडत नाही. अडीच-तीन मिनिटांनी कपावर ठेवा, झडप उघडते आणि मिनिटभरात कॉफी खाली येते. सकाळच्या घाईत हाच बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्ही-६० घ्यायचाच असेल तर ०२ मापाचा, आणि प्लास्टिकचा. चिनी मातीचा दिसतो देखणा, पण थंड असला तर पहिल्याच पाण्याची उष्णता ओढून घेतो. दरवेळी उकळत्या पाण्याने नीट तापवावा लागतो. प्लास्टिक स्वस्त, पडलं तरी फुटत नाही आणि उष्णता कमी खातं. साध्या किटलीने ओतताना चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवर धार सोडा, म्हणजे खड्डा पडत नाही.

प्रश्न : व्ही-६० मध्ये पाणी उतरायला सहा-सात मिनिटं लागतात आणि कॉफी कडू तर होतेच, वर आंबटही लागते. बिया मिक्सरमध्ये दळतो. — छत्रपती संभाजीनगर

दोष ड्रिपरचा नाही, मिक्सरचा. त्याचं पातं बिया दळत नाही, फोडतं. त्यातून एकीकडे जाडे तुकडे आणि दुसरीकडे मैद्यासारखी भुकटी निघते. भुकटी पाण्याबरोबर तळाशी उतरून कागदाची छिद्रं बुजवते आणि तिच्यातला अर्क गरजेपेक्षा जास्त उतरून कॉफी कडू होते. जाडे तुकडे मात्र आतून तसेच राहतात, त्यातून आंबटपणा येतो. म्हणून दोन्ही चवी एकाच कपात.

हाताने फिरवायची चांगली चक्की हा खरा उपाय. पैसे मोजकेच असतील तर ते आधी चक्कीवर घाला, ड्रिपर मागाहून. तोवर मिक्सरच वापरायचा तर एका वेळी ३० ग्रॅमच घ्या, एक-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली भुकटी दुधाच्या कॉफीला वापरा. वर राहिलेलं दळण व्ही-६० साठी बारीक रव्याइतकं असावं, सपाट तळाला किंचित जाडसर.

प्रमाण १५ ग्रॅमला २५० मिली. कागद शिवणीवर दुमडून बसवा, गरम पाण्याने धुवा, ते पाणी टाकून द्या. पूड सपाट करून ४५ मिली पाणी घाला आणि ४० सेकंद थांबा. ताजी भाजलेली कॉफी इथे फुगते, कारण आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अजिबात फुगली नाही तर पूड जुनी आहे, हे समजून घ्या. उरलेलं पाणी दोन-तीन हप्त्यांत, मधून बाहेर गोल फिरवत. एकूण अडीच ते सव्वातीन मिनिटांत गळून व्हायला हवं. चार मिनिटांवर गेलं तर दळण जाड करा, दोनच्या आत संपलं तर बारीक. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. चमच्याने सारखं ढवळत असाल तर ते मात्र बंद करा. त्याने भुकटी आणखी खाली जाते.

प्रश्न : बोअरच्या पाण्याची कॉफी मचूळ लागते, आरओच्या पाण्याची फिकी. मग कोणतं वापरावं? — बीड

दोन्ही मिसळून. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीचं आम्ल मारतात, म्हणून चव बोथट होते. किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो तोही त्यामुळेच. आरओत क्षार जवळजवळ उरतच नाहीत, आणि चव नीट उतरायला थोडे क्षार लागतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १०० ते १५० च्या आसपास आणा. समजा बोअरचा ६०० आणि आरओचा ३० असेल, तर एक वाटी बोअरला सहा वाट्या आरओ, म्हणजे साधारण ११० होतो. बोअरचं पाणी पिण्यायोग्य हवं, हे वेगळं सांगायला नको. ते खारट असेल तर मात्र मिसळू नका. मीठ पातळ होतं, जात नाही.

तापमानासाठी थर्मामीटरची गरज नाही. आपल्याकडे पाणी समुद्रसपाटीपेक्षा थोडं लवकर उकळतं, संभाजीनगरात साधारण ९८ अंशांवर. हलक्या भाजणीला उकळी आल्या आल्या ओता, गडद भाजणीला दीड-दोन मिनिटं थांबा.

प्रश्न : चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड कागदातून गाळता येईल का? — नांदेड

गाळता येते, पण घेऊ नका. ती पूड बारीक असते आणि चिकोरीमुळे कागद आणखी तुंबतो. तिच्यासाठी दोन मजली स्टीलचं फिल्टरच योग्य, डिकाशन काढा आणि दूध घाला. ड्रिपरसाठी बिनचिकोरीची, मध्यम भाजलेली अरेबिका जातीची कॉफी मागवा. चिकमगळूर, कोडगूकडची सहज मिळते.

प्रश्न : कागदाचा खर्च टाळायला स्टीलची जाळी चालेल का? — जालना

चालेल, पण कॉफी वेगळी होईल. जाळीतून तेल आणि बारीक गाळ खाली उतरतो, चव जड लागते आणि कपाच्या तळाशी गाळ बसतो. कोणाला तीच आवडते. मात्र कॉफीतल्या तेलात कॅफेस्टॉल असतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागद ते बरंचसं अडवतो. घरात कोणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कागदच ठेवा. जाळी रोज वापरून लगेच धुवा आणि आठवड्यातून एकदा सोड्याच्या गरम पाण्यात भिजवा, नाहीतर छिद्रांतलं तेल खवट होतं आणि प्रत्येक कपाला तो वास येतो. कागद धुऊन पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नका, दुसऱ्यांदा तो फाटतो किंवा तुंबतो.