कोकणात भाड्याने घर मिळत नाही आणि बंगले मात्र बंद: गुंतवणूकदारांचा राग येणं चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की दापोलीत नोकरी लागून दीड वर्ष झालं, तेवढ्यात तीन खोल्या बदलाव्या लागल्या. दरवेळी कारण एकच, सीझन आला. आणि समोरच्या प्लॉटिंगमधले पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले वर्षभर कुलूपबंद. त्यांचा द्वेष वाटतो, हे चूक आहे का, असा तुमचा प्रश्न.

राग येणं चूक नाही. मीही तो चार वर्षं बाळगला. मी दापोलीतच एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, गाव खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. २०१७ साली इथे आले तेव्हा मला जी खोली मिळाली तिचा मालक मला जूनमध्ये आत घ्यायचा आणि दिवाळीच्या आधी बाहेर काढायचा. मी महिन्याला साडेपाच हजार देत होते आणि नाताळच्या आसपास तीच खोली एका रात्रीला अडीच हजारांना जात होती. पुढचे महिने मी एका मैत्रिणीच्या पडवीत काढायचे. कपाट तिच्या गोठ्यात, पुस्तकं गोणीत. एकट्या मुलीला खोली द्यायची म्हटलं की आणखी दहा प्रश्न असतात ते वेगळेच.

त्या खोलीच्या खिडकीतून चौदा बंगले दिसायचे. पावसाळ्यात रात्री एकाच ठिकाणी दिवा असायचा, तोही राखणदाराचा. मी रोज झोपायच्या आधी ते अंधारे बंगले मोजायचे.

मग एकदा त्यातल्याच एका बंगल्यात रक्ताचा नमुना घ्यायला जावं लागलं. गृहस्थ निवृत्त, पुण्यातल्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घालून बंगला बांधला होता आणि आता गुडघ्यांमुळे वर्षातून दोनदा येणंही जमत नव्हतं. सुई काढता काढता मी विचारलं, काका, भाड्याने का देत नाही? ते म्हणाले, "एकदा आत आलेला माणूस निघत नाही गं. कूळ लागतं."

हा शब्द ऐकून मी थांबले, कारण माझे आजोबाही हेच म्हणायचे.

कोकणात या शब्दाला फार मोठा इतिहास आहे. इथे खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार आणि कूळ म्हणजे त्याची जमीन कसणारा, यांचं भांडण पिढ्यान् पिढ्या चाललं. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, पण खोतांसाठी नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ पासून कसणारा जमिनीचा मालक ठरला. ते न्यायाचंच झालं, मला त्यात तिळमात्र शंका नाही. माझ्या आजोबांनाही त्यातूनच जमीन मिळाली. पण ज्यांच्या हातून जमिनी गेल्या त्यांच्या घरात आणि ज्यांना मिळाल्या त्यांच्याही घरात एक गोष्ट पक्की बसली, की दुसऱ्याला आत घेतलं की आपलं जातं.

राहत्या घराला मात्र हे लागू नाही. कूळकायदा शेतजमिनीचा आहे. घर आपण लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या परवानगीवर देतो, त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागतो. मुदत संपूनही भाडेकरू निघाला नाही तर मालकाला थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते. उलट करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच आधी धरलं जातं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे तोंडी व्यवहारात जास्त धोका मालकालाच. इथे नव्वद टक्के मालकांना हे ठाऊकच नसतं, असं मी माझ्या अनुभवाने म्हणते. त्या काकांनाही नव्हतं.

सगळेच काकांसारखे नसतात, हेही सांगते. कोरडा हिशेब करून चार-चार प्लॉट घेऊन बसलेलेही आहेत, आणि कुलूप लावून ठेवणं त्यांना स्वस्त पडतं. २०१९ च्या अर्थसंकल्पानंतर दुसरं घर स्वतःच्या वापरासाठी म्हणून रिकामं ठेवलं तरी त्याच्या मानीव, म्हणजे नुसत्या कागदावर धरलेल्या भाड्यावर आयकर लागत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी इतकी किरकोळ की तिच्यासाठी कुणी दार उघडणार नाही. माझ्या मते वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या घराला घरपट्टी जास्त हवी. तुमचा राग इथे वापरा, ग्रामसभेत उभं राहून हे बोला.

पण त्याआधी एकदा आपल्याकडे बघू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. ब्याऐंशी हजार माणसं कमी झाली आणि तरी तुम्हाला-मला खोली मिळत नाही. वाडीवाडीतून फिरलात तर दिसेल, बंद घरांतली बहुतेक आपल्याच चाकरमान्यांची आहेत. आमचं स्वतःचं गुहागरचं घर बंद आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली तीन माणसं वारलेली, वारस नोंद अर्धवट, आणि कुठल्या खोलीची किल्ली कुणाकडे यावरून दोन चुलत्यांत बोलणं नाही. माझ्या धाकट्या काकांनी मागच्या बागेतला आपला तुकडा एजंटाला विकला. ज्याने तो घेतला त्याला मी मनात शिव्या दिल्या, आणि विकणारे माझे काका होते हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजी घेता येत नाही. ती त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा वाटेत कुठेतरी आपल्यातल्याच कुणाची सही असते.

मला घर कसं मिळालं ते सांगते, कारण तुमच्या उपयोगाचं तेच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडची कौलं पाचोळ्यासारखी उडाली. ज्या घरात माणूस होता तिथे निदान ताडपत्री तरी पडली. बंद घरांवर कुणी चढलंच नाही, मालक टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेले आणि डोक्यावर आठ दिवसांत पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उघड्या घराच्या मातीच्या भिंती त्यात किती टिकणार? शहरापासून सहा किलोमीटरवरच्या एका वाडीत असंच एक जांभ्याचं घर होतं. लॅबमधल्या मावशींच्या शेजारचं, मालक डोंबिवलीला. पुढच्या वर्षी गणपतीत ते आले तेव्हा माजघरात वाळवी चढली होती आणि देवघराचं छप्पर बसलं होतं. मी मावशींना घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला राहू द्या, घर जागं राहील.

पहिल्या दिवशी नाहीच म्हणाले. मग कराराचा कागद दाखवला, त्यातलं कलम न् कलम वाचून दाखवलं. त्यांच्या दोन अटी होत्या: गणपतीचे दिवस आणि शिमग्याचे पाच दिवस माजघर आणि देवघर त्यांचं, आणि मी पडवीलगतच्या खोलीत. मी माझी एक घातली, की एप्रिल-मेमध्ये बाहेर काढायचं नाही. नोंदणीकृत करार झाला, भाडं चार हजार, कौलं शाकारण्याचा खर्च त्यातून वळता. चौथं वर्ष चालू आहे. त्यांच्या आई गणपतीत येतात तेव्हा आता आधी मलाच फोन करून विचारतात, विहिरीला पाणी किती आहे.

तुम्हीही एजंटांच्या मागे लागू नका, त्यांना महिन्याच्या भाड्यात रस नसतो. ऑफिसातले शिपाई, लॅबवाले, पोस्टमन, वायरमन यांना विचारा, कुठल्या वाडीत कुठलं घर बंद आहे हे त्यांना माहीत असतं. आणि जायचं ते गणपतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा सगळे भाऊ एका छपराखाली असतात, एकालाच पटवून भागत नाही. कराराचा मसुदा मराठीत न्या, मुदत ठळक लिहिलेली असू द्या, आणि दुप्पट भरपाईचं कलम स्वतःहून पहिल्यांदा वाचून दाखवा.